मार्लेनीच्या नावाने पॅनकेक

आमच्या घरात एक मूल कमी आहे, असा ठराव एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. ठराव माझ्या बायकोने, जोलीनने मांडला. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने, टेसाने, तोंडात बटाटा असतानाच अनुमोदन दिलं. मी, डॅरिल प्रुइट, डनव्हिल नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात सतरा वर्षं कारकून आहे. मी तारीख आणि वेळ टिपून ठेवली. इतरांना गहिवरून आलं की मला तारीख टिपावीशी वाटते.

टेसाच्या पाठीवर मूल होणार नाही, हे डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तेव्हापासून जोलीन टेसाचे तोकडे झालेले कपडे कोणाला देत नव्हती, आणि मी त्याबद्दल विचारत नव्हतो. कपाटाचं दार लागेनासं झालं तेव्हा आम्ही परदेशातून मूल दत्तक देणाऱ्या एका संस्थेत नाव घातलं. संस्थेने एक फोटो पाठवला. कोलंबियातल्या एका अनाथाश्रमातली मार्लेनी, वय वर्षं सात. पुढचे दोन दात नव्हते आणि काखेत कोंबडी होती. कोंबडी घाबरलेली दिसत होती, मार्लेनी नाही. जोलीन टेबलाशी बसून रडली. मी भांडी घासायच्या निमित्ताने सिंककडे तोंड करून रडलो.

फोटोपाठोपाठ खर्चाची यादी आली. तीत दूध, कपडे, शाळा असलं काही नव्हतं. कागद होते. कागदांचं भाषांतर होतं, भाषांतर बरोबर असल्याचा दाखला होता, त्या दाखल्यावरची सही खरी असल्याचा शिक्का होता, आणि शिक्का मारणाऱ्याला तसा अधिकार असल्याचं प्रमाणपत्र होतं. खरं सांगायचं तर मला ती यादी आवडली. सतरा वर्षं मी लोकांकडून कुत्र्याच्या घराचेसुद्धा नकाशे तीन प्रतींत मागत आलो आहे, पण इतकं सुबक काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. एकूण रक्कम आम्हा दोघांच्या वर्षभराच्या पगाराएवढी होती.

तेव्हा आम्ही व्हर्नाबाईंकडे गेलो. व्हर्नाबाई टॅगर्ट म्हणजे आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, वय बहात्तर. चर्चचं नवं छप्पर, शाळेचा बँड आणि दोन जणांची नवी हृदयं त्यांनी केक विकून उभी केली होती.

"तुम्हा दोघांत लाज किती आहे?" त्यांनी विचारलं.

"बऱ्यापैकी आहे," मी म्हणालो.

"मग आधी ती काढून टाका. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे माझ्याकडे चालत नाही."

आठवडाभरात 'मार्लेनी निधी समिती' स्थापन झाली. आम्ही लाभार्थी असल्यामुळे समितीत आम्हाला मताचा अधिकार नव्हता. बैठकांना खुर्च्या मांडायचा होता.

समितीने पहिल्यांदा टी-शर्ट काढले. छातीवर मार्लेनी, काखेत कोंबडी, खाली 'एक मूल, एक घर, एक टी-शर्ट'. महिन्याभरात अर्धं गाव मार्लेनी घालून फिरायला लागलं. माझ्या खिडकीशी गोठ्याचा परवाना मागायला येणारा माणूसही मार्लेनी घालून यायचा, आणि मग त्याला नकाशा अपुरा आहे असं सांगताना माझी जीभ अडखळायची. दारू पिऊन कुंपणावर गाडी घातलेल्या एका इसमाचा फोटो आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर आला, त्याच्याही अंगात मार्लेनीच होती. समितीने त्याची प्रसिद्धी म्हणून नोंद घेतली.

मग जिगसॉ. आमच्याकडे मूल आणणारी माणसं हे करतातच. मुलाच्या फोटोचं पाचशे तुकड्यांचं कोडं छापून घ्यायचं, एकेक तुकडा विकायचा, मागे देणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि सगळं जुळलं की चौकट करून मुलाच्या खोलीत लावायचं. म्हणजे मूल रोज सकाळी उठून बघतं, किती जणांनी आपल्याला आणलं. कल्पना चांगली होती. पण पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरचे डीलर रॉस क्लेमर म्हणाले, "मी दहा तुकड्यांचे पैसे देतो, पण मला डोळा पाहिजे." त्यांना डावा डोळा दिला. मग विमावाल्याने उजवा मागितला. कपाळ, हनुवटी, केस दोन दिवसांत संपले, कोंबडी तिसऱ्या दिवशी सकाळी संपली. मागची राखाडी भिंत मात्र कोणी घेईना. दोनशे तीस तुकड्यांची भिंत होती. व्हर्नाबाईंनी भिंतीच्या दोन तुकड्यांवर एक टी-शर्ट मोफत असा ठराव आणला, तेव्हा कुठे ती हलायला लागली.

तिसरी पायरी जुन्या वस्तूंच्या विक्रीची. समितीने आवाहन केलं की घरात पडून असलेलं काहीही प्रुइटांच्या गॅरेजात आणून टाका. धर्माची गाय, दात का गं नाय, म्हणतात. आम्ही काय विचारणार? लोकांनी पाय तुटलेल्या खुर्च्या आणल्या, आवाज नसलेले टीव्ही आणले, आणि ट्रेडमिल आणल्या. डनव्हिलमध्ये इतकी माणसं कधी काळी बारीक व्हायचं ठरवून बसली होती, हे मला ठाऊक नव्हतं. अकरा ट्रेडमिल जमल्या. विकली गेली एक, आणि घेणाऱ्याने ती पुढच्या विक्रीसाठी परत दान केली. गॅरेज भरलं, तेव्हा समितीच्या परवानगीने आम्ही उरलेलं सामान मार्लेनीसाठी रिकाम्या केलेल्या खोलीत रचलं.

पाचव्या महिन्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस आला आणि आम्ही तिघं पिझ्झा खायला गेलो. मध्यम आकाराचा, वर फक्त मश्रूम. पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर क्लेमर भेटले.

"काय डॅरिल, पिझ्झा कसा होता?"

"बरा होता."

"असणारच. माझ्या डोळ्याचे पैसे आहेत त्यात."

ते हसत हसत म्हणाले, पण हसणं तोंडदेखलं होतं. त्या दिवसापासून आम्ही हलाखीत दिसायचं ठरवलं. नवा सोफा शेजारच्या ग्रॅडींच्या शेडमध्ये ठेवला आणि दानात आलेला फाटका सोफा खिडकीशी मांडला, म्हणजे रस्त्यावरून दिसावा. चांगली कॉफी स्वस्त कॉफीच्या डब्यात भरली. जोलीन घरीच स्वतःचे केस कापायला लागली. टेसाचे बूट मी गोंदाने चिकटवले, आणि खरं तर ते इतके फाटलेले नव्हते, त्यामुळे आधी थोडे उसवावे लागले. हे लिहिताना मला लाज वाटते. पण लाज काढून टाका असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी सूचना पाळणारा माणूस आहे.

इकडे संस्थेची अट उलटी होती. संस्थेला कुटुंब स्थिर, सुखवस्तू आणि आनंदी हवं होतं. त्यासाठी ओडेलबाई नावाच्या समाजसेविका आमच्या घराची पाहणी करायला यायच्या. नळाच्या गरम पाण्यात थर्मामीटर धरायच्या, धुराचा अलार्म वाजवून बघायच्या, आमच्या लहानपणी आम्हाला कोणी मारलं होतं का हे विचारायच्या, आणि सगळं एका तक्त्यात भरायच्या. मुलाला स्वतंत्र पलंग पाहिजे आणि खोलीला खिडकी पाहिजे, हा त्यांचा नियम क्रमांक एक. पहिल्या पाहणीत त्यांनी 'आनंद' या रकान्यात 'पुरेसा' असं लिहिलं. जोलीनला ते लागलं. मला मात्र सरकारी भाषेत तो उत्तम शेरा वाटला.

म्हणजे गावाला आम्ही कंगाल दिसायला हवे होतो आणि संस्थेला आम्ही सुखी. खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे असतात, हे मी ऐकून होतो. आमच्याकडे दाखवायच्याच दातांचे दोन जोड होते. दिवस वेगवेगळे होते तोवर हे जमलं.

दुसरी पाहणी एका मंगळवारी चार वाजता होती. सकाळीच आम्ही ग्रॅडींच्या शेडमधून चांगला सोफा आणला, गालिचा अंथरला, टेबलावर फळं ठेवली. चारला ओडेलबाई आल्या. सव्वाचारला व्हर्नाबाई पाच बायकांना घेऊन, प्रत्येकीच्या हातात झाकलेला कॅसरोल, दारात उभ्या राहिल्या. प्रुइटांकडे हल्ली धड जेवणही होत नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं. आम्हीच ते त्यांच्या कानावर घातलं होतं.

व्हर्नाबाईंची नजर सोफ्यावर गेली. "हा कधी घेतला ग, जोलीन?"

"घेतला नाही, भाड्याने आणलाय," जोलीन म्हणाली.

ओडेलबाईंनी पेन उचललं. "बैठकीच्या खोलीतलं सामान भाड्याचं आहे?"

"छे छे, स्वतःचं आहे," मी म्हणालो. "सगळे पैसे चुकते केलेले आहेत."

"सगळे चुकते?" व्हर्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कॅसरोल उरापाशी धरला.

मी दोघींना कॉफी विचारली. ओडेलबाईंनी डब्यावरचं नाव बघून नाक मुरडलं, व्हर्नाबाईंनी घोट घेऊन भुवया वर केल्या. संभाषण वळवावं म्हणून ओडेलबाई टेसाजवळ बसल्या.

"मग काय टेसा, नवी बहीण येणार. कसं वाटतंय तुला?"

टेसा उभी राहिली, हात पाठीमागे बांधले आणि सुरू झाली. "माझी बहीण खूप लांब आहे. तिला घर नाही. रोज झोपताना मी विचार करते, आज तिला कोणी पांघरूण घातलं असेल का." इथे ती थांबली. तिच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब ओघळला.

"थांबलीस का बाळा?" ओडेलबाईंचा आवाज बदलला होता.

"इथे थांबायचंच असतं," टेसा म्हणाली. "इथे लोक पर्स उघडतात. तुम्ही भिंतीचे दोन तुकडे घेतले तर टी-शर्ट फुकट आहे. तुम्हाला एल साइझ होईल."

ओडेलबाईंनी तक्त्यात काहीतरी लिहिलं. मग त्यांनी मार्लेनीची खोली बघायची इच्छा व्यक्त केली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं.

"खोलीला खिडकी आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. "ट्रेडमिलच्या पलीकडे."

"आणि पलंग?"

"तो खिडकीच्या आधी लागतो."

अहवालात त्यांनी लिहिलं : 'मुलीच्या खोलीत मूल ठेवण्यास जागा नाही. कुटुंब एकाच वेळी सुखवस्तू व गरजू आढळले. फेरपाहणी आवश्यक.'

फेरपाहणीला तीन महिने लागले. तेवढ्यात आमच्या बोटांच्या ठशांची मुदत संपली. माणसाचे ठसे मरेपर्यंत बदलत नाहीत अशी माझी समजूत होती, पण कागदावरचे ठसे पंधरा महिन्यांत जुने होतात. नवे ठसे घेतले तर त्यांचं नवं भाषांतर आलं. ठशांचं भाषांतर म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. आमच्या खिडकीशी कोणी असले प्रश्न विचारले की मी त्यांना रांगेच्या शेवटी उभं करतो. ठसे होईतो पोलिसांचा दाखला संपला, दाखला होईतो डॉक्टरांचा. एक कागद ताजा करायला नवे पैसे लागायचे, पैसे जमवायला वेळ लागायचा, आणि त्या वेळात दुसरा कागद शिळा व्हायचा. पहिला पॅनकेक नाश्ता, म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये तिकीट लावून गावाला पॅनकेक खिलवणं, आम्ही मार्लेनीसाठी केला होता. दुसरा ठशांसाठी झाला, तिसरा ठशांवरच्या शिक्क्यांसाठी. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण नाक सारं गाव धरून उभं होतं, त्यामुळे मोती काढून ठेवायची सोय नव्हती.

आमचे सगळे शनिवार कुठल्या ना कुठल्या टेबलामागे गेले. टेसाची पोहण्याची शिकवणी सुटली. तिच्या मैत्रिणी आधी वस्तू घ्यायला यायच्या, मग येईनाशा झाल्या. एकदा पॅनकेकचं पीठ ढवळताना तिने विचारलं, "आई, मार्लेनी आली की तिलाही शनिवारी उभं राहायला लागेल?"

"नाही ग राणी, तोवर संपेल सगळं."

"मग शनिवारी काय करतात, ते तिला कोण सांगेल? मी विसरले."

जोलीन पीठ ढवळत राहिली. ढवळून झालं होतं तरी ढवळत राहिली.

मधे संस्थेकडून मार्लेनीचा नवा फोटो आला. तिला दोन मोठे दात आले होते, केस कापले होते, कोंबडी नव्हती. आम्ही तो समितीला दाखवला. समितीच्या मते जुना फोटो अधिक परिणामकारक होता, आणि तीनशे टी-शर्ट छापून पडले होते. तेव्हा गावापुरती मार्लेनी बिनदाताचीच राहिली. नवा फोटो जोलीनने स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांच्या वर ठेवला. दिवसातून कितीदा तरी ती चमचा घ्यायला जायची आणि चमच्याशिवाय परत यायची.

बाविसाव्या महिन्यात चमत्कार घडला. आमचे सगळे कागद एकाच वेळी जिवंत होते. ओडेलबाईंनी 'पात्र' असा शिक्का मारला, जिगसॉच्या भिंतीचा शेवटचा तुकडा विकला गेला, विमानाची तिकिटं बघून ठेवली. गंगेत घोडं न्हालं असं वाटून समितीने येत्या शनिवारी निरोपाचा नाश्ता जाहीर केला. तीनशे माणसांचं पीठ आलं. आणि गुरुवारी दुपारी संस्थेचं पत्र आलं.

पत्राची दोन पानं होती. पहिल्या पानावर होतं की मार्लेनीची मावशी सापडली. तिचं नाव ओतिलिया. डोंगरातल्या एल सौसाल नावाच्या गावात, बस थांबते तिथे ती मक्याच्या भाकऱ्या भाजून विकते. बहीण वारल्यावर भाचीला कुठे नेलं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं ती एकेक कचेरी शोधत होती. आता तिला मुलगी हवी होती, आणि तिथल्या कायद्याने आधी रक्ताचं माणूस, मग परदेशातलं कुटुंब. मला कायदा बरोबर वाटला. मी केला असता तर असाच केला असता.

"बरं झालं," जोलीन म्हणाली, आणि फ्रिजला टेकून खाली जमिनीवर बसली. एका पोरक्या मुलीला तिचं माणूस सापडलं होतं आणि आमच्या घरात सुतक पडलं होतं. मला मार्लेनी हवी होती. तिच्यासाठी काय चांगलं, हा प्रश्न मी बावीस महिने रोज तोंडाने विचारत आलो होतो. त्या दुपारी तो पहिल्यांदाच खरा विचारायची वेळ आली, आणि मी उत्तर द्यायचं टाळलं.

दुसरं पान मी नंतर वाचलं. मावशीच्या घराची पाहणी झाली होती. एकच खोली, छप्पर गळकं. मुलाला स्वतंत्र पलंग पाहिजे आणि खोलीला खिडकी पाहिजे. तिथेही नियम क्रमांक एक हाच होता. साठ दिवसांत मावशीने हे केलं नाही, तर मुलीचा कागद पुन्हा पहिल्या पात्र कुटुंबाकडे येईल. पहिलं पात्र कुटुंब आम्ही होतो.

"एक खाट, एक खिडकी," जोलीन म्हणाली. "आणि छपराला पत्रे. किती लागतील?"

"टी-शर्टांची छपाई याहून महाग पडली."

आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो. मग मी ओडेलबाईंना फोन केला, आणि हे मी लिहून ठेवतो, कारण त्या महिन्यात माझ्या हातून झालेलं तेवढं एकच बरं काम आहे.

"तुम्ही मावशीला पैसे पाठवू शकत नाही," ओडेलबाई म्हणाल्या. "नियमाने सक्त मनाई आहे. दत्तक घेणाऱ्याने मुलाच्या नातेवाइकाला पैसे दिले तर तो मुलाचा सौदा धरतात."

"पण आम्ही तिने मूल देऊ नये म्हणून देतोय."

"तसा रकाना फॉर्मवर नाही, मिस्टर प्रुइट."

सतरा वर्षं मी हेच वाक्य लोकांना सांगत आलो आहे, आणि तेही त्याच स्वरात.

"हा नियम कोणाकोणाला लागू आहे?" मी विचारलं.

"फक्त तुमच्या कुटुंबाला. इतर कोणी कोणाला काही दिलं तर आम्ही विचारत नाही." मग त्यांनीच विचारलं, "इतर कोणी विचारलं आहे का?"

शुक्रवारी व्हर्नाबाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "पीठ भिजवलंय रे, डॅरिल. नाश्ता तर करावाच लागेल."

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तीनशे मार्लेन्या बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पोटावर पाक सांडलेला होता. मी माइकपाशी जाऊन पहिलं पान वाचलं. हॉलभर एक लांबलचक 'अरेरे' उठला. मावशीचं नाव आलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "इतके दिवस कुठे होती ही बया?" मग मी दुसरं पान वाचलं. खाट नाही, खिडकी नाही, छप्पर गळतं, साठ दिवस. आधी कोणाला नीट कळलं नाही. मग विमावाल्याने टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी. माणसं उभी राहिली. जोलीनला मिठ्या मारायला रांग लागली. "अजून आशा आहे," असं जो तो तिच्या कानात सांगत होता, आणि तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

टाळ्या थांबल्यावर क्लेमर उठले. मावशीचं नाव कोणी काढलं तर तेच काढतील असं मला वाटलं नव्हतं. "खाट केवढ्याला येते तिकडे?" त्यांनी विचारलं.

व्हर्नाबाईंकडे पावतीपुस्तक होतं. त्यांनी पावतीच्या मागची ओळ वाचून दाखवली : जमलेला निधी मार्लेनीला डनव्हिलमध्ये आणण्याखेरीज अन्य कारणासाठी वापरता येणार नाही. "ठराव एकमताने झालाय, रॉस. तूच मांडला होतास. पिझ्झ्यानंतर."

"मी मांडला होता खरा," क्लेमर म्हणाले आणि बसले.

मी माइकपाशीच होतो. मी म्हणालो, "नियमाचं पूर्ण वाचन करणं माझं काम आहे. मावशीला पैसे द्यायची बंदी फक्त आमच्या कुटुंबाला आहे. तुमच्यापैकी कोणालाही नाही." माइक चालू होता. मी तो बोटाने वाजवूनही बघितला. तीनशे माणसं ताटाकडे बघत होती. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मी सांगायचं ते सांगितलं होतं आणि कोणी ऐकलं नव्हतं. याहून सोयीची गोष्ट माझ्या आयुष्यात फारशी घडलेली नाही.

"गरम आहेत तोवर घ्या," व्हर्नाबाई म्हणाल्या, आणि रांग पुन्हा लागली.

शेवटी सगळ्यांनी प्रार्थना केली. शब्द व्हर्नाबाईंनी काळजीपूर्वक निवडले होते : मार्लेनीला तिच्या हक्काचं घर मिळो. कोणालाच 'आमेन' म्हणायला अडचण आली नाही. पत्ता देवाने भरायचा होता.

आज त्रेचाळिसावा दिवस आहे. गावात कोणी काही वाईट करत नाही. आम्ही नियम पाळतो, समिती ठराव पाळते, चर्चमध्ये दर रविवारी मार्लेनीसाठी मेणबत्ती लागते. ट्रेडमिल खोलीतून काढल्या, पलंगावर चादर घातली, खिडकी पुसली. काल जेवताना जोलीन म्हणाली, "तिकडे म्हणे पावसाळा सुरू झालाय. पावसात पत्रे घालणं कठीण जाईल त्यांना." म्हणाली ती काळजीच्या स्वरात, पण वाक्याच्या शेवटी आवाज हलका झाला, आणि तो तिचा तिलाच ऐकू गेला. तिने तोंडावर हात ठेवला. मी तिला काही बोललो नाही, कारण मी सकाळीच तिथल्या हवामानाचा अंदाज बघून आलो होतो. आठवडाभर मुसळधार होता.

आता तुम्ही विचाराल, साठाव्या दिवशी काय झालं. मावशीचं नाव मी तुम्हाला सांगितलं आहे, गावाचं सांगितलं आहे, ती कुठे उभी राहून काय विकते तेही सांगितलं आहे. सतरा दिवस बाकी आहेत आणि नियम तुम्हाला लागू नाही. तरी तुम्ही विचाराल ते एवढंच, की पुढे काय झालं. आम्हीही तेच विचारतोय. या, बसा, चर्चमधल्या आमच्या बाकावर जागा आहे.